‘हाउएव्हर’ म्हणजे ‘पण’ नव्हे

इंग्रजी लेखनात विरोध दाखविणारे शब्द वापरताना वरच्या इयत्तांतील मुलांच्या ज्या चुका होतात, त्यांतील पुष्कळ चुकांचे मूळ अर्थ सांगण्याच्या पद्धतीत असते. ‘बट’ म्हणजे ‘पण’ आणि ‘हाउएव्हर’ म्हणजेही ‘पण’ असे सांगितले की मुले दोन्ही शब्द एकाच जागी घालू लागतात. अर्थ जवळचा असला तरी दोहोंची जात निराळी आहे.

‘बट’ हे उभयान्वयी अव्यय होय. ते दोन वाक्ये जोडते : ‘इट रेन्ड हेविली, बट द वेल डिड नॉट फिल.’ ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण होय. ते विरोध दाखविते. परंतु वाक्ये जोडीत नाही. म्हणून त्याच्या आधीचे वाक्य पूर्णविरामाने अथवा अर्धविरामाने संपवावे आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम द्यावा : ‘इट रेन्ड हेविली. हाउएव्हर, द वेल डिड नॉट फिल.’ दोन वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम दिल्यास रचना सदोष ठरते.

हा भेद समजावण्यास मराठीतील ‘मात्र’ हा शब्द फार उपयोगी पडतो. ‘पाऊस पुष्कळ पडला. विहीर मात्र भरली नाही.’ येथे ‘मात्र’ दुसऱ्या वाक्याच्या पोटात बसला आहे. ‘हाउएव्हर’ही तसाच बसतो : ‘द वेल, हाउएव्हर, डिड नॉट फिल.’ ‘बट’ला ही मुभा नाही. फळ्यावर शब्द हलवून दाखविला की मुलांना भेद डोळ्यांनी दिसतो.

दुसरी नेहमीची चूक ‘जरी–तरी’ या जोडीमुळे होते : ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम.’ मराठीत जोडी शोभते. इंग्रजीत ‘ऑल्दो’ने जोडणी झाल्यावर ‘बट’ नको. ‘ऑल्दो ही वॉज इल, ही स्टिल केम’ हे मात्र शुद्ध. कारण येथे ‘स्टिल’ क्रियाविशेषण आहे.

स्वल्पविरामाने अर्थही पालटतो. ‘हाउएव्हर डीप द वेल इज’ म्हणजे ‘विहीर कितीही खोल असली तरी’. विशेषणाला लागून, स्वल्पविरामावाचून आलेला ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘कितीही’.

सराव : ‘द रोड वॉज बॅड’ आणि ‘द बस केम ऑन टाइम’ ही वाक्ये प्रथम ‘बट’ने जोडून घ्यावीत, नंतर ‘हाउएव्हर’ आरंभी व मध्ये घालून लिहवून घ्यावीत. वही तपासताना चुकीखाली केवळ तांबडी रेघ न ओढता ‘हा शब्द जोडतो की नुसता विरोध दाखवितो?’ असे मुलालाच विचारावे. उत्तर त्याला देता आले, तर विरामचिन्ह तो आपोआप योग्य जागी घालील.