जुनी मोटार घेताना

बैलबाजारात गेलेला शेतकरी काय करतो? बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो आणि लगेच पैसे मोजतो का? नाही. तो बैलाचे तोंड उघडतो. दात पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, हे बघतो. मग खूर बघतो. चार पावले चालवून बघतो. विकणारा म्हणतो, "अहो, वासरूच आहे अजून!" शेतकरी नुसता हसतो. दात खोटे बोलत नाहीत, हे त्याला ठाऊक असते.

पण हाच शेतकरी जुनी मोटार घ्यायला गेला, की चकचकीत रंग पाहून भुलतो. गाडी किती चालली, एवढे विचारतो. विकणारा काट्यावरचा आकडा दाखवतो. आपला माणूस मान डोलावतो आणि इसार देऊन मोकळा होतो.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांचे असेच झाले. ते पनवेल तालुक्यातले. घरात म्हातारी आई. तिला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागे. रिक्षाचे भाडे परवडेना. म्हणून त्यांनी दोन लाख ऐंशी हजारांना एक जुनी मोटार घेतली. निम्मे पैसे पतपेढीचे. काट्यावर ६२ हजार किलोमीटर होते. तिसऱ्या महिन्यात कर्नाळ्याच्या चढणीवर गाडीने निळा धूर सोडला आणि ती उभी राहिली. आई गाडीतच होती. वर ऊन. दुसरे वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले.

मिस्त्रीने इंजिन उघडले. तो म्हणाला, "काका, ही गाडी दोन लाखांच्या पुढे चाललेली दिसते." मग गाडीच्या पुढच्या खणात एक मळका कागद सापडला. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसिंगची पावती. तिच्यावर आकडा होता १,४८,३००. म्हणजे काटा मागे फिरवला होता. पुरावा पहिल्या दिवसापासून गाडीतच होता. पण आकडे इंग्रजीत होते, आणि आमच्या गृहस्थांना तेव्हा ते वाचता येत नव्हते. आता येतात. ते रात्रीच्या वर्गाला नेमाने बसतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की इंग्रजी आकडे ओळखायला शिका. ते दहाच आहेत. आठ दिवसांत येतात.

काटा मागे फिरवणे आज अवघड राहिलेले नाही. पूर्वी आकड्यांची चाके असत, ती हाताने फिरवत. आता आकडा विजेवर दिसतो. तो यंत्र जोडून थोड्या वेळात बदलता येतो. म्हणून काट्यावर एकट्यावर विसंबू नये. गाडीचे दुसरे साक्षीदार शोधावेत.

साक्षीदार पुष्कळ असतात. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. पावत्या तारखेने ओळीत लावा. आकडा वाढतच गेला पाहिजे. कुठे कमी झाला, तर तिथेच चोरी आहे. काही ठिकाणी तेल बदलले की बॉनेटखाली किंवा दाराच्या कडेला चिठ्ठी चिकटवतात. तीही वाचा. मग क्लचच्या आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पाहा. ते झिजून गुळगुळीत झाले आहे आणि काटा तीस हजार दाखवतो, हे कसे? स्टिअरिंगचे चाक हाताने घासून तुळतुळीत झाले आहे का? चालकाची गादी बसली आहे का? आणि उलटेही बघा. गाडी दहा वर्षांची, पण पायपट्टीचे रबर कोरे करकरीत, तर ते नुकतेच का बदलले, असे विचारा.

टायरच्या बाजूला चार आकड्यांची एक खूण छापलेली असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. समजा, २३१९ असे आहे. म्हणजे टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. विकणारा म्हणतो, "कंपनीचे मूळ टायर आहेत, गाडी चाललीच नाही." गाडी २०१५ ची, टायर २०१९ चे! मग मूळ टायर कुठे झिजले?

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे वाईट गाडी, असे मुळीच नाही. एस.टी.च्या गाड्या लाखो किलोमीटर धावतात. आगारात त्यांची नेमाने तपासणी होते म्हणून त्या टिकतात. अमेरिकेत आयर्व्ह गॉर्डन नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी १९६६ साली व्होल्वो कंपनीची मोटार नवी घेतली. २०१३ साली त्या एकाच मोटारीने ३० लाख मैल पूर्ण केले. म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर! पृथ्वीला एक फेरा ४० हजार किलोमीटरचा. तेव्हा झाले एकशे वीस फेरे. मास्तरांची जादू काही नव्हती. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले ते पाळत. तेल वेळच्या वेळी बदलत. (आम्ही शाळामास्तरच असल्याने ही गोष्ट सांगताना आम्हांला जरा बरे वाटते.)

किलोमीटर किती, यापेक्षा ते कुठे आणि कसे झाले, हे महत्त्वाचे. आपल्या कळंबोलीहून पुण्याकडे द्रुतगती मार्ग जातो. समजा, एक गाडी रोज पनवेलहून पुण्याला जाऊन येते. ते झाले सुमारे अडीचशे किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरा. महिन्याला सहा हजारांच्या वर, वर्षाला सत्तर हजारांच्या वर किलोमीटर होतात. दोन वर्षांत ती गाडी दीड लाखाला टेकते. पण एका चालीने, मोकळ्या रस्त्यावर चाललेली ती गाडी पुष्कळदा चांगली निघते. उलट शहराच्या गर्दीत घडोघडी थांबत, क्लच दाबत पन्नास हजार चाललेली गाडी जास्त थकलेली असते. आणि चार वर्षे दारात झाकून ठेवलेली गाडीही घेण्यात अर्थ नाही. तिची बॅटरी मरते, रबर कडक होते, टायरला चिरा पडतात. उभा बैल कामाचा राहत नाही, तसेच.

म्हणून आमचे मत असे, की काट्यावर सव्वा लाख असून सर्व पावत्या हजर असलेली गाडी घ्यावी. काट्यावर चाळीस हजार असून एकही पावती नसलेली घेऊ नये.

गाडी बघायला सकाळी जावे, आणि "आम्ही येईपर्यंत चालू करू नका" असे आदल्या दिवशी सांगावे. गेल्याबरोबर बॉनेटला हात लावा. गरम लागले, तर आधी चालू करून ठेवली आहे असे समजा. थंड गाडीच आपले दुखणे सांगते. चालू केल्यावर मागे जाऊन धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते. काळा दाट धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ निघते, तिला भिऊ नका. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर इंजिनात पाणी शिरत असण्याचा संभव आहे. तेल ओतायचे झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर दिसला तरी तोच संशय धरा. इंजिन चालू असताना त्या तोंडातून भकभक धूर येत असेल, तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत. ही गाडी सोडून द्या, किंमत कितीही उतरली तरी.

मग गाडी चालवून पाहा. गल्लीत नव्हे, कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत न्या. चढणीवर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरत नाही, असे झाले तर क्लच गेला. पाण्याच्या उष्णतेचा काटा वर चढतो का, तेही पाहा. सपाट रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते का, बघा. काही गाड्यांच्या इंजिनात रबरी पट्टा असतो, टायमिंग बेल्ट म्हणतात त्याला. तो पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला, तर इंजिन मोडू शकते. बदलल्याची पावती मागा. पावती नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करा.

आपल्या कोकणात आणखी एक जपायचे असते. पुराचे पाणी. २६ जुलै २००५ चा पूर जुन्या मंडळींना आठवत असेल. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. अशा पुरात बुडालेल्या मोटारी धुऊन पुसून पुढे विकल्या जातात. वरून काही कळत नाही. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. टोकाला चिखलाची रेघ दिसते का? पायाखालची चटई उचला. कुबट वास येतो का? गादीखालच्या लोखंडी पट्ट्या गंजल्या आहेत का? एवढे बघितले तरी पुष्कळ आहे.

कागदांकडे वळू. आर.सी. बुकात गाडीच्या मालकाचे नाव, नोंदणीची तारीख, इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो. चासी नंबर गाडीवर कोरलेलाही असतो. दोन्ही एकेक आकडा लावून जुळवा. पनवेलच्या आर.टी.ओ. कचेरीची गाडी असेल तर नंबर एम.एच. ४६ ने सुरू होतो, पेणची असेल तर एम.एच. ०६ ने. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. दंडाची चलने थकलेली आहेत का, विमा चालू आहे का, हे मुलाच्या मोबाइलवर सरकारी नोंदीत पाहता येते. गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची होती का, हेही विचारा. भाड्याची होती म्हणून टाकाऊ नव्हे, पण तिचे किलोमीटर नक्कीच जास्त असणार.

सौदा झाला की २९ आणि ३० नंबरच्या अर्जांवर सह्या घेऊन नाव लगेच बदलून घ्या. एकाच राज्यातली गाडी असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे, असा कायदा आहे. विमाही आपल्या नावावर करून घ्या.

या सर्व वेळी एखादा ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या आणि त्याची मजुरी द्या. फुकट आणलेला माणूस घाईने बघतो. शिवाय किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला ठेवा. गाडी घरी आली की तेल, गाळण्या, एखादा टायर, बॅटरी असा खर्च निघतोच. आमच्या त्या गृहस्थांनी सगळे पैसे गाडीतच घातले होते. इंजिन दुरुस्तीसाठी त्यांना पुन्हा पतपेढीची पायरी चढावी लागली.

वहीत सोडवा.
१) गाडीची नोंदणी २०१७ ची. आज काट्यावर ४१,००० किलोमीटर. २०२१ च्या पावतीवर ९७,४०० लिहिले आहे. निदान किती किलोमीटर लपवले?
२) टायरवर ३५२२ अशी खूण आहे. तो टायर कोणत्या सालच्या कितव्या आठवड्यात बनला?
३) या गाडीच्या मालकाला तुम्ही कोणता पहिला प्रश्न विचाराल? एका वाक्यात लिहा.