तार, खोली आणि कान

सावेडी, अहिल्यानगर

चि. बाळ यास,


तुझे संगमनेरहून आलेले पत्र पावले. नव्या घरात स्टिरिओ मांडल्यापासून गाणे मोकळे वाटत नाही, दुकानदाराने चाळीस हजारांच्या तारांची शिफारस केली आहे, आणि पुढे ॲम्प्लिफायरही बदलण्याचा तुझा मानस आहे, ही सारी कैफियत वाचली. मसलत विचारलीस म्हणून स्पष्ट लिहितो : त्या तारा घेऊ नकोस.

हिशेब असा आहे. घराच्या वायरिंगला वापरतात त्या अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरमागे सुमारे साडेसात ओहम भरतो. स्पीकर 5 मीटरवर असला तरी जाऊन-येऊन 10 मीटर तार लागेल, तिचा रोध 0.075 ओहम होईल, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे ही रक्कम शेकडा एकाहूनही कमी असल्याने आवाजात पडणारी तूट डेसिबलच्या दहाव्या भागाच्याही आत राहील. ती कानास कळणे दुरापास्त आहे. तार फार बारीक असेल किंवा तिची टोके हिरवी पडून सैल झाली असतील, तर ती अवश्य बदलावी. पण त्यास साधी जाड तार पुरते.

मीही एकदा भारी तारा आणल्या होत्या आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीची ठुमरी लावून, स्वर अधिक उजळला, असे महिनाभर सर्वांस सांगत होतो. पुढे घरच्यांनी मला न कळवता जुन्या तारा पुन्हा जोडल्या, तेव्हाही मला तोच उजाळा ऐकू येत राहिला. दाम मोजल्यावर मन कानावर अंमल चालवू लागते, ही माणसाची प्रकृतीच आहे. म्हणून कोणती तार जोडली आहे हे ऐकणाऱ्यास न सांगता, दोन्ही वेळा आवाज मोजून समान ठेवून, दहा-वीस वेळा पारख केल्याखेरीज कोणाच्याही ग्वाहीवर, माझ्याही, विश्वासू नये. किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला भासतो, हे विशेष ध्यानात ठेव.

मग गाणे कोठे अडते? तुझ्या दिवाणखान्यात. माळीवाड्यातील आपला जुना वाडा तुला आठवत असेल : सारवलेली जमीन, कडिपाट, भिंतीशी गाद्या-लोड आणि कोनाड्यांतून रचलेल्या पोथ्या, तेथे साधा रेडिओही गोड वाजे, कारण ध्वनी भिंतीवर आपटून तसाच परतत नसे, वाटेत विखुरला आणि शोषला जाई. तुझ्याकडे गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेचे कपाट, आणि स्पीकर कोपऱ्यात ढकललेले. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजव; मागून झणझण ऐकू आली की निदान झाले. खाली जाड सतरंजी घाल, समोरच्या भिंतीस पुस्तकांची मांडणी कर, जमल्यास आईने शिवलेली गोधडी टांग. गोधडी वरच्या स्वरांचा झणझणाट आवरते, खर्जाचा घुमारा मात्र तिने जात नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन हात पुढे आणावे लागतात आणि बसण्याची जागाही पुढे-मागे करून पाहावी लागते. तंबोऱ्याची जवारी जशी भारी तारेने खुलत नाही, घोडीवरचा दोरा केसभर सरकवत बसावे लागते, तसेच हे काम चिकाटीचे आहे.

एवढ्यानेही समाधान न झाल्यास खर्चाची तजवीज स्पीकरसाठी कर, कारण चांगल्या ॲम्प्लिफायरचा दोष बहुधा टक्क्याच्या शतांशात मोजतात, स्पीकरचा मात्र पूर्ण टक्क्यांत जातो. ॲम्प्लिफायर तुझ्या खोलीस पुरेशी शक्ती देत असेल आणि त्यात गुणगुण नसेल, तर तो तसाच राहू दे. गुणगुण येत असल्यास आधी वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घे.

येत्या रविवारी मी संगमनेरास येतो. घरातली जुनी सतरंजी आणि मोजपट्टी घेऊन येईन; आपण दोघे मिळून स्पीकर हलवून पाहू. तोपर्यंत दुकानदारास बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा