ज़बहनंतरची घाई आणि विजेची करवत

ठाणे, मुंब्रा, कल्याण-डोंबिवली परिसरातील मटणाच्या काही दुकानांत आता लाकडी ओंडका व सत्तूर यांच्या जोडीला हाडे कापणारी विजेची करवत दिसू लागली आहे. अशा यंत्राने कापलेले मांस खाणे योग्य आहे काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे.

येथे दोन कामांतील फरक ध्यानात घ्यावा. ज़बह अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने गळ्यावर करावयाची असते. प्राण गेल्यानंतर मांसाचे तुकडे करणे हा मात्र केवळ व्यवहार आहे. तेथे सत्तूर वापरा अथवा करवत. हलाल मांस त्यामुळे हराम होत नाही.

खरा प्रश्न या दोन कामांमधील वेळेचा आहे. यंत्र वेगवान असले की माणूसही उतावीळ होतो. ईदुल अज़हाच्या दिवशी तर खाटकाला पुढच्या ठिकाणी जायचे असते, हिस्सेदार पिशव्या घेऊन उभे असतात आणि जनावर तडफडत असतानाच कातडे सोलण्यास आरंभ होतो. माननीय शद्दाद बिन औस (रज़ि.) यांनी कथन केलेली, सहीह मुस्लिममधील हदीस आपण जाणता. प्रत्येक कामात एहसान असावा, सुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हा आराम गळ्यावर सुरी फिरताच संपत नाही. म्हणूनच जनावर शांत होण्यापूर्वी त्याची मान तोडणे वा कातडे काढणे फुकहांनी मकरूह ठरविले. मांस हलाल राहते. दोष त्या कृतीत आहे, आणि आमच्या मते तो क्षुल्लक नाही.

प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक जिवंत उंटांची वशिंडे व मेंढ्यांच्या शेपट्या कापून घेत. जिवंत जनावरापासून कापलेला भाग मुरदार होय, असे त्यांनी स्पष्ट केले.

हालचाल पूर्ण थांबली आहे काय, डोळ्याला स्पर्श केल्यावर पापणी हलते काय, हे पाहावे. रक्तही पूर्ण वाहू द्यावे. वाहते रक्त हराम असल्याचे सूरह अनआममध्ये (६:१४५) सांगितले आहे. करवतीच्या पात्यात व चाकांत हाडांचा भुगा आणि चरबी अडकते, ती दररोज धुवावी.

खाटकाशी मजुरी ठरवितानाच थांबण्याची अट सांगावी. मजुरी रोख द्यावी. कुर्बानीचे मांस वा कातडे मजुरीपोटी देता येत नाही.