'कितवा?' विचारायचंय की 'आहे का?'

पोरी, यादी हातात आली की सवयीने ॲरे करून मोकळी होऊ नकोस. पुढे तिला काय विचारणार आहेस ते आधी ठरव. 'तिसरा कोण?' असं विचारायचं असेल तर ॲरेच हवा. 'हा नंबर यात आहे का?' एवढंच असेल तर सेट घे. जावास्क्रिप्टमध्ये तो २०१५ पासून आहे, आणि अजूनही लोक त्याला फक्त डुप्लिकेट काढायला वापरतात याचं मला वाईट वाटतं.

समज, ५०,००० ग्राहकांमधून बंद झालेले २०,००० नंबर गाळायचेत. फिल्टरच्या आत इन्क्लूड्स लावलंस, तर प्रत्येक ग्राहकासाठी दुसरी यादी पहिल्यापासून चाळली जाते. तुलना १०० कोटींपर्यंत जातात. त्या २०,००० नंबरांचा सेट करून हॅज विचार, यादी वाढली तरी उत्तराला लागणारा वेळ फारसा वाढत नाही. सेट मात्र फिल्टरच्या बाहेर, एकदाच बनव. दहावीस नावांसाठी हा खटाटोप नको.

सेटमध्ये टाकल्याचा क्रम टिकतो, पण इंडेक्स नसतो. चौकटी कंसात शून्य लिहिलंस तर अनडिफाइन्ड मिळेल. लेंग्थ नाही, साइज.

खरी मेख आहे ती 'तेच' कशाला म्हणायचं यात. नाव, गाव, फोन तंतोतंत सारखे असलेले दोन वेगळे ऑब्जेक्ट टाक, दोन्ही राहतील. सेट ऑब्जेक्टची ओळख बघतो, आतला मजकूर नाही. असे डुप्लिकेट काढायला आयडीला की करून मॅप वापर. आयडीचंही जपून. फॉर्ममधून तो स्ट्रिंग म्हणून येतो, आणि सेटमध्ये आकडे असतील तर हॅज सरळ नाही म्हणेल. नुसती स्ट्रिंग सेटला दिलीस तर तिचे तुकडे होतात. 'पुणे' दे, साइज चार येईल: प, उकार, ण आणि मात्रा. म्हणून एकटी स्ट्रिंगही चौकटी कंसात घालून दे.

सर्व्हरला पाठवताना आधी ॲरे कर. जेसनमध्ये सेटचा रिकामा महिरपी कंस होतो, आणि एरर येत नाही म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही.

युनियन, इंटरसेक्शन, डिफरन्स आता सेटमध्येच मिळतात, हाताने लूप लिहू नकोस. नोडमध्ये ते व्हर्जन २२ पासून आहेत. आपल्या सर्व्हरवर कुठलं व्हर्जन आहे ते आधी बघून घे.