शेजारचा विस्तव

पूर्वी खेड्यांतून घरोघरी चुलीतील विस्तव राखेखाली जपून ठेवीत. एखाद्या सकाळी तो विझलेला आढळला, की घरातील मूल गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाई. शेजारीण त्यावर दोन निखारे ठेवी आणि विचारी, "आजीचा ताप उतरला का रे?" विस्तवाबरोबर अशी विचारपूसही घरी येई. पुढे आगपेटी आली, रॉकेलचे दिवे आले आणि मग वीज आली. आज बटण दाबताच घर उजळते. विस्तवासाठी शेजाऱ्याचे दार ठोठावण्याचे कारण उरले नाही.

यावरून लोकांत दोन मते आढळतात. कित्येक वडीलधारी माणसे म्हणतात, "यंत्रांनी सुख दिले, पण माणसे दुरावली. पहाटे दोघी-दोघी जात्यावर बसून ओव्या गात. आता गिरणीचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. घरात चार माणसे एकत्र बसतात, पण चौघांच्या नजरा चार मोबाइलांत गुंतलेल्या असतात." यावर तरुण मंडळी उत्तर देतात, "ओव्या गोड होत्या खऱ्या. पण रोज जाते ओढून ज्यांचे खांदे भरून येत, त्यांनाही विचारा. परगावी राहणाऱ्या मुलाचा चेहरा आईला याच मोबाइलवर दिसतो ना?"

दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि जुन्या काळाचे चित्र रंगविताना एक गोष्ट विसरता कामा नये. तो शेजारधर्म सर्वांच्या वाट्याला येत नसे. समाजाने ज्यांना अस्पृश्य ठरविले होते, त्यांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याचीही बंदी असे. विजेची तार मात्र कोणाची जात विचारीत नाही. ती ज्या घरी पोहोचते, तेथे दिवा सारखाच उजेड देतो.

मग बटण दाबणारा मनुष्य आता खरोखरच कोणावर अवलंबून राहिलेला नाही काय? याचे उत्तर नाशिकरोडच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी असलेल्या एकलहरे या गावी मिळते. येथील औष्णिक विद्युत केंद्रात १४० मेगावॅटचा पहिला संच १९७० साली व दुसरा १९७१ साली सुरू झाला. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. पहिले दोन संच आता कायमचे बंद झाले आहेत.

या केंद्राला लागणारा दगडी कोळसा दूरच्या खाणींतून आगगाडीने येतो. त्याची पिठासारखी पूड करून ती बाष्पकात, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या प्रचंड भट्टीत, जाळतात. वाफेच्या जोराने टर्बाइनचे चक्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि त्याला जोडलेल्या जनित्रातून वीज निघते. ही वीज धान्याप्रमाणे कणगीत भरून ठेवणे सोपे नाही. बहुतेक वीज लागेल त्या क्षणीच निर्माण करावी लागते. म्हणून रात्री एखादी मुलगी दिव्याखाली अभ्यास करीत असते, तेव्हा तिच्यासाठी कोठेतरी रात्रपाळीचा कामगार यंत्रांवर डोळा ठेवून जागा असतो. खाणीत उतरणारा मजूर, कोळशाची गाडी हाकणारा चालक, भर पावसात खांबावर चढून तार जोडणारा वायरमन, या सर्वांचे हात त्या उजेडामागे असतात. केंद्रासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी आणि राखेचा उपद्रव सोसणारी आसपासची वस्ती, यांचाही त्यात वाटा आहे.

म्हणजे पूर्वी मनुष्य एका शेजाऱ्यावर अवलंबून होता, आता हजारोंवर आहे. विस्तव अजूनही दुसऱ्याच्याच भट्टीतून येतो; फक्त देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. चेहरा दिसत नाही म्हणून उपकार विसरणे सोपे होते. वीज क्षणभर गेली, की पुष्कळजण रागावतात. ती अखंड चालू असताना मात्र कोणाला कोणाची आठवण होत नाही.

वीज गेली, की आणखी एक गोष्ट दिसते. आळीतील माणसे ओट्यावर येऊन बसतात. मुले खेळू लागतात, म्हातारी माणसे जुन्या गोष्टी सांगतात. वीज येताच सारे उठून आत जातात. त्यांना आत जाण्याची आज्ञा विजेने केलेली नसते. शेजाऱ्याकडे जाण्याची गरज यंत्राने संपविली, पण बंदी घातली नाही. तेव्हा दोष यंत्राला देऊन मनुष्याला मोकळे होता येणार नाही.

विस्तव नेणारे मूल निखारे वाटेत सांडू देत नसे आणि देणारीच्या घरची खुशाली विचारल्याशिवाय परतत नसे. तीच रीत आजही पाळता येईल. रिकाम्या खोलीतील दिवा मालविणे, दारी आलेल्या वायरमनला पाणी विचारणे आणि दिवे लागलेले असतानाही घटकाभर ओट्यावर येऊन बसणे, एवढे कोणालाही करता येण्याजोगे आहे.

अभ्यास
१. शेजाऱ्याकडून विस्तवाबरोबर आणखी काय घरी येई?
२. "यंत्रांनी माणसे दुरावली" या मताच्या बाजूने एक व विरुद्ध एक कारण लिहा.
३. तुमच्या घरातील एका वस्तूमागे कोणाकोणाचे श्रम आहेत, ते शोधून दहा ओळी लिहा.