रेघ वाकडी दिसली तर

जानेवारीत भालकीजवळच्या आमच्या शेतात तुरीची रास चालू होती. भुसा उजव्या डोळ्यात गेला म्हणून तो उपरण्यानं दाबून धरला आणि डाव्यानं पाहिलं, तर शेडचा लोखंडी खांब मधोमध वाकलेला! उजवा उघडला, खांब सरळ. झाकला, पुन्हा वाकडा. कोण जाणे किती दिवस चांगला डोळा दुसऱ्याचं दुखणं झाकत होता.

घात पुढे झाला. माझाच जुना विद्यार्थी औषधांचे डबे विकतो. घरी आला, पाया पडला, म्हणाला, "गुरुजी, लोखंडाला गंज चढतो तसं डोळ्यात ऑक्सिडेशन होतंय. या कॅप्सूलनं गंज निघतो, नजर परत येते." ज्याला मी पाढे शिकवले, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? चार महिने डबे घेतले. मे महिन्यात पेपर उघडला तर मधल्या अक्षरांवर काळा डाग. तेव्हा हैदराबाद गाठलं. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी स्कॅन काढला. पडद्याच्या मधल्या भागाची वयोमानानं होणारी झीज, तिचा ओला म्हणजे गळतीचा प्रकार: पडद्याखाली रक्तस्राव, वण पडलेला. "जानेवारीतच यायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. विद्यार्थ्याला फोन केला तर म्हणतो, "वयोमानानं होतंच, गुरुजी." डबे विकताना माझं वय त्याला दिसलं नव्हतं का?

गंजाची गोष्ट पूर्ण खोटी नाही, म्हणूनच मी फसलो. पडद्याच्या मधल्या भागाला, पीतबिंदूला, प्राणवायू फार लागतो आणि उजेडही सतत झेलावा लागतो. त्यातून होणारी झीज वयाबरोबर साठते, विडी-सिगारेटनं वाढते. २००१ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त यांच्या ठरावीक मात्रेनं, आजार मध्यम टप्प्याला पोचलेल्यांत तो बळावण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्के घटला. पण गेलेली नजर आणणारं ते औषध नव्हे, आणि ओल्या प्रकाराची गळती त्यानं थांबत नाही. त्याला डोळ्यात इंजेक्शनच लागतं, तेही वेळेवर.

माझ्या डब्यात बीटा कॅरोटीन होतं. विडी ओढणाऱ्यांना, सोडलेल्यांनाही, त्यानं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून २०१३ पासून त्याऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन सुचवतात. मी वीस वर्षं विडी ओढली, हे त्या मुलाला ठाऊक होतं. आता उजवा डोळा टिकावा म्हणून डॉक्टरांनीच ल्युटीनवाली गोळी दिली आहे.

पन्नाशी उलटलेल्यांनी आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी पाहाव्यात. रेघ वाकली, मध्ये डाग आला, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात पडद्याचा डॉक्टर गाठा. "ओला की कोरडा?" हे विचारा. इंजेक्शनची तारीख पेरणी-राशीसाठी पुढे ढकलू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, तेव्हा सोबत माणूस न्या. मेथी, पालक खा, बीपी सांभाळा, विडी सोडा.

हे वाचून झालं की लगेच एक डोळा झाका आणि दाराच्या चौकटीकडे पाहा. मग दुसरा.