तीन तोळे पुढे, शंभर फूट मागे

स्पे पद्धतीच्या मासेमारीत हातात बारा-तेरा फुटांची, दोन्ही हातांनी पेलायची काठी असते. समोर रुंद नदी, पाठीमागे झाडी आणि दोरी मागे भिरकवायला जागाच नाही. म्हणून ती आधी समोरच्या पाण्यावर मांडायची आणि तिथूनच उचलून पलीकडे सोडायची. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर रुळली. मी ती शिकले सिॲटलच्या उत्तरेला, स्कॅजिट नदीवर.

गळाला पिसं आणि दोरे बांधून केलेल्या फ्लायला स्वतःचं असं वजन फारसं नसतं. फेकलं जातं ते दोरीचं वजन आणि ते सगळं पुढच्या वीस-पंचवीस फुटांत साठवलेलं असतं. या भागाला हेड म्हणतात. माझं हेड ५४० ग्रेनचं आहे. आपला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर तीन तोळे. त्याच्या मागे जोडलेली शंभर फूट बारीक दोरी म्हणजे रनिंग लाइन. हेड उडतं आणि ही बिचारी मागून फरफटत जाते, एवढंच तिचं काम, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी कशी ढासळत गेली, ते सांगते.

१. काठीबद्दल मी ढीगभर वाचलं, रीलवर त्याहून जास्त पैसे घातले, पण दिवसभर बोटांत असते ती रनिंग लाइनच. फेक करायची नदीच्या आडवी, जराशी प्रवाहाच्या दिशेने. मग प्रवाह दोरी ताणतो आणि फ्लाय कमान करत आपल्या काठाशी येते. आता वीस-तीस फूट रनिंग लाइन हाताने ओढून घ्यायची, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेक. दोरी हवेत असते ती दोन-तीन सेकंद. उरलेला वेळ ती बोटांत असते, पाण्यावर असते, नाहीतर माझ्या जाकिटाच्या चेनमध्ये अडकलेली असते. पाकिटांवरची जाहिरात मात्र त्या दोन-तीन सेकंदांचीच.

आणि मासा? स्टीलहेड हा खरं तर रेनबो ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन, तिथे मोठा होऊन नदीत परतणारा. प्युजेट साउंडला मिळणाऱ्या नद्यांमधला हा मासा अमेरिकी कायद्याने २००७ साली धोक्यात आलेला ठरवला. स्कॅजिटवरचा वसंतातला हंगाम काही वर्षं बंदच होता. तो २०१८मध्ये पुन्हा सुरू झाला, तोही रानटी मासा लागला तर लगेच पाण्यात सोडायच्या अटीवर. असा मासा काही रोज भेटत नाही. तो न भेटलेला दिवस कुणाच्या सहवासात जाणार आहे, याचा विचार मी दुकानात उभी असताना कधी केला नव्हता.

२. दोरी ओढून घेत बसायची ही कटकट माणसाने आपणहून ओढवून घेतलेली आहे, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. स्कॉटलंडच्या जुन्या पद्धतीत दोरीचा जाड भागच साठ-सत्तर फूट किंवा त्याहूनही लांब. फ्लाय काठाशी आली की ओढून घ्यायला फारसं काही नसतं. आहे तेवढी दोरी उचलायची आणि पुन्हा टाकायची. पुढे स्वीडनच्या गोरान अँडरसन यांनी आखूड हेड आणि खालच्या हाताच्या जोरावर करायची फेक रुळवली. इकडे स्कॅजिटवर एड वॉर्ड, जेरी फ्रेंच यांच्यासारख्या मंडळींनी हेड आणखी आखूड आणि जाडजूड केलं. कारण रास्त होतं. हिवाळ्यात मासा तळाजवळ असतो, तिथवर पोचायला दोरीचं टोक बुडणारं हवं, फ्लाय मोठी हवी, आणि ती पाणी पिऊन जड होते. काठावर सीडरची गर्दी. हे सगळं ओझं थोडक्या जागेत पाण्यातून उपटून काढायचं तर वजन एकाच ठिकाणी एकवटलेलं असणं भाग होतं. फक्त हेडमधून जेवढे फूट कमी झाले, तेवढे माझ्या डाव्या हातात येऊन पडले. याला प्रगती म्हणायचं की नाही, हे त्या दिवशी थंडी किती आहे त्यावर ठरतं.

३. लांब फेक ही बरीचशी बघणाऱ्यांसाठी असते. नायलॉनची बारीक रनिंग लाइन गाजवली ती लांब फेकीच्या स्पर्धकांनी, आणि त्यांचा हिशेब चोख होता. मागची दोरी जितकी हलकी आणि काठीच्या कड्यांतून जितकी कमी घासणारी, तितकं हेड पुढे जाणार. नायलॉनची जाडी साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. प्लास्टिकचा मुलामा दिलेली, जिला इथे कोटेड म्हणतात, ती पाऊण ते एक मिलिमीटर. ऐकायला फरक चिमूटभर, पण हाताला पहिल्याच फेकीत जाणवतो. नायलॉन जोडल्यावर माझं हेड जे सुटलं, ते बघून मी स्वतःवरच खूश झाले होते.

त्याच हंगामात एक वयस्कर गृहस्थ माझ्या मागून मासेमारी करत येत होते. मी कमरेएवढ्या पाण्यात, नदीच्या पार मध्यावर फेका टाकतेय. ते घोटाभर पाण्यात उभे राहून हेड जेमतेम काठीबाहेर काढून आखूड फेका टाकतायत. मासा त्यांना लागला, आणि तोही मी नुकतीच जिथे उभी होते त्या जागी. स्टीलहेड गुडघाभर पाण्यातही निवांत थांबलेला असतो, हे मी वाचलं होतं. पण आपण त्याच्या अंगावरून चालत पुढे गेलो असू, हे कुठल्या पुस्तकात वाचून अंगाला लागत नाही. लांब फेकीचा उपयोगच नाही असं नव्हे. पलीकडच्या काठालगत खोल धार असेल तर ती लागतेच. पण तेवढ्यासाठी उरलेला दिवस निसरड्या दोरीशी झटत काढायचा का, हा प्रश्न मला तेव्हापासून पडू लागला.

४. नायलॉन काही विसरत नाही. माझे काका वेंगुर्ल्याला गरवायला जायचे, तेव्हा तंगुसाचा दोरा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला असायचा आणि सोडताना त्याची वेटोळी तशीच्या तशी बाहेर यायची. काका त्याला मालवणीत काहीबाही बोलायचे. इथे रील महागडी आहे, दोऱ्याचं नाव इंग्रजी आहे आणि वेटोळी तीच. रात्रभर रीलवर राहिलेलं नायलॉन गारठ्यात सोडलं की पाण्यावर चकल्या पडतात. त्यातली एखादी पहिल्या कडीत अडकली की तीन तोळे हवेतच थबकतात आणि उलटे अंगावर येतात. यावर उपाय एकच: नदीत उतरण्याआधी हातभर हातभर दोरी दोन्ही हातांत धरून सावकाश ताणायची, ती सरळ होईपर्यंत. हे केलं नाही तर पहिला तास वाया. मोठ्या व्यासाच्या रीलवर वेटोळी मोठी पडतात, त्यामुळे त्रास थोडा कमी होतो.

नायलॉन स्वस्त आहे, कोटेड दोरीच्या किमतीच्या पासंगालाही लागत नाही. त्यामुळे दर हंगामाला बदलता येतं आणि बदलावंच, कारण उन्हाने आणि खडकांवर घासून त्याचा जोर कमी होतो. आधी मी याला तोटा समजत होते. आता वाटतं, नवी दोरी चढवायच्या निमित्ताने गाठी तरी तपासल्या जातात.

५. रनिंग लाइनची खरी परीक्षा बोटं बधिर झाल्यावर होते. फेब्रुवारीत स्कॅजिटचं पाणी चार-पाच अंशांवर असतं आणि दोरी ओढताना ते पाणी थेट बोटांवरून वाहतं. फेकीच्या शेवटच्या झटक्याच्या वेळी रनिंग लाइन वरच्या हाताच्या बोटाने काठीच्या बुचाच्या मुठीवर दाबून धरलेली असते. सगळा जोर तेवढ्या एका पकडीवर. ती किंचित जरी सुटली, तरी ताणलेली काठी मोकळी होते आणि हेड पुढे पडण्याऐवजी पायाशी ढीग होऊन बसतं. घरामागच्या हिरवळीवर हे कधी होत नाही. तिथे बोटं कोरडी असतात, ऊबदार असतात, आणि त्यांना वाटतं आपल्याला सगळं येतं.

मी बरेच दिवस माझ्या झटक्यात दोष शोधत होते. वेळ चुकतेय, खालचा हात ओढत नाहीये, असं काहीबाही. मग एका सकाळी एका बाईंनी मला त्यांची काठी दोन फेकांपुरती दिली. काठी माझ्यासारखीच, हेडही जवळपास तेवढंच, फक्त मागे कोटेड दोरी होती, चांगली मिलिमीटरभर जाड, वरून किंचित खरबरीत. ती बोटाखाली थांबली. एवढंच झालं आणि फेक गेली. त्यांचा हातही माझ्यासारखाच लहान होता. दोरीची जाडी निवडताना हाताचं माप विचारात घ्यायचं असतं, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारे सगळे पंजाने टरबूज उचलू शकतील असे पुरुष होते. त्यांच्या बोटांना अर्धा मिलिमीटर पुरतो. मला पुरत नाही.

कोटेड दोरीला खोड नाही असं मुळीच नाही. उन्हाळी पाण्यासाठी केलेली दोरी थंडीत ताठरते आणि तीही वेटोळी धरू लागते, म्हणून थंड पाण्यासाठीची मुद्दाम मागून घ्यावी लागते. आणि ती जड असल्यामुळे फेक काही फुटांनी आखडते. त्या फुटांबद्दल मी वर बोललेच आहे.

६. ब्रेडेड, म्हणजे विणलेली पोकळ दोरी, मला कागदावर फार आवडली होती. वेटोळी पडत नाहीत, हातातून निसटत नाही. पण विणीत पाणी भरून राहतं, आणि पारा शून्याखाली गेला की तेच पाणी कड्यांमध्ये गोठतं. शिवाय दिवसभर ओढल्यावर तर्जनीची कातडी सोलवटून निघते. तिच्याबद्दल इतकंच.

७. गुंता दोरी करत नाही, हात करतो. ओढून घेतलेली दोरी सगळी एकदम पाण्यावर सोडली तर प्रवाह ती धरून ठेवतो आणि फेकीच्या वेळी तो वाटा आपल्याकडून वसूल करतो. म्हणून तिचे फास करून बोटांत धरायचे: पहिला मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान. असे धरले की सुटताना एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत. तरंगणारी दोरी पाण्यावरून अलगद उठते. काही नायलॉन मात्र हळूच बुडतात, आणि बुडलेला फास वर ओढताना अंतर तर जातंच, लयही जाते. हे सगळं वाचून समजतं. बोटांना समजायला वेगळा वेळ लागतो.

८. जोडाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. जाड हेड आणि एकदम बारीक रनिंग लाइन यांच्या सांध्यावर दोरी मोडल्यासारखी वाकते आणि जोर पुढे पोचत नाही. त्यामुळे हेड जड होत गेलं की मागची दोरीही थोडी जाड घ्यावी. हेडकडच्या टोकाचा फास इतका मोठा हवा की गुंडाळलेलं हेड त्यातून आरपार जाईल. नाहीतर हेड बदलताना प्रत्येक वेळी गाठ कापावी लागते. आणि रंग भडक असावा. हेड संपून रनिंग लाइन काठीच्या टोकाबाहेर किती आली, हे संध्याकाळच्या उजेडात दिसायला हवं. हात-दोन हात पुरे, त्याहून जास्त सोडली की फेक बिघडते. माझी दोरी भगवी आहे. तिचा फोटो बघून पुण्याहून मैत्रिणीने विचारलं, हा काय नवस आहे का?

९. एकच दोरी सगळीकडे चालेल हा हट्ट सोडल्यावर माझा खर्च वाढला, पण कुरकुर कमी झाली. हिवाळ्यात स्कॅजिटवर जड हेड आणि बुडणारं टोक, त्यामागे थंड पाण्याची कोटेड, माझ्या बोटांना पेलेल इतकी जाड. उन्हाळ्यात छोट्या नद्यांवर लांबट, हलकं तरंगणारं हेड, त्यामागे नायलॉन. तेव्हा बोटं शुद्धीवर असतात आणि दोरी ताणत बसायला ऊनही छान असतं. तुमचा हात मोठा असेल, नदी वेगळी असेल, तर हे सगळं उलटंही ठरू शकेल. ब्रेडेडची ती गुंडाळी गॅरेजच्या फळीवर आहे, जवळजवळ नवी. कुणाला हवी असेल तर कळवा, टपालखर्च माझा.